फुली मारलेला फोटो

प्रिय शालूमावशी,

शनिवारच्या पुरवणीत माझा लेख येतोय आणि त्यात मी तुझी एक चूक छापली आहे. पेपरात वाचून तुला कळावं हे बरं नाही, म्हणून आधी तुला लिहितेय. लेख आज दुपारी चारला पाठवला. मुदत पाचची होती. वैजूला वेळ दिली की ती आधीच येऊन उभी राहते, तेवढा एकच गुण तिच्यात आहे, असं तू आईला सांगायचीस. तो गुण अजून टिकून आहे.

विषय तुझाच होता. रोलवाले छोटे कॅमेरे पुन्हा निघालेत, तुला खरं वाटेल? ज्यांना आपण खोक्यात भरून माळ्यावर टाकलं, ते कॅमेरे खारघरच्या कॉलेजातल्या मुली हौसेनं शोधून घेतात. घेतात आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो घालवतात. आमच्या संपादकबाईंच्या मुलीचे दोन रोल ओळीनं कोरे आले. बाईंनी मला बोलावून सांगितलं, नवशिक्यांच्या सात चुका, नऊशे शब्द, गुरुवारपर्यंत. तुझी मावशी फोटोच्या लॅबमध्ये होती ना, असंही विचारलं.

सहा चुका मी अर्ध्या तासात लिहून काढल्या. सगळ्या तुझ्याच चिठ्ठ्यांमधल्या. सातवी काही केल्या सुचेना. आणि दुसरीकडे आई रोज सकाळी चहा घेताना एकच प्रश्न विचारत होती, शालूच्या फोटोचं काय झालं?

मावशी, येत्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध आहे आणि तुझा एकही फोटो घरात नाही. अर्ध्या पनवेलची लग्नं, बारशी, मुंजी तुझ्या हातातून धुऊन निघाली. तुझं तोंड मात्र कुठेच नाही. हे कसं झालं? तू असं कसं होऊ दिलंस?

तुझ्या मतदार कार्डावरचा फोटो मी मोठा करून आणला होता. आईनं चष्मा लावून तो बघितला आणि पालथा ठेवला. "हा शालूचा फोटो नाही," ती म्हणाली. "हा सरकारचा आहे."  त्या दिवसापासून मला चैन नाही. रविवारी हार कशाला घालायचा? नुसत्या पाटाला?

टपाल नाक्याजवळच्या त्या लॅबची मला आठवण येते ती वासानं. औषधांचा आंबट वास तुझ्या साडीला, वेणीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा यायचा. काउंटर कसलं, दोन हात लांबीची एक काच. मागे रॅकवर अक्षरांप्रमाणे लावलेली पिवळी पाकिटं. शेठ गल्ल्यावर आणि बाकीचं सगळं तू.

चिठ्ठ्यांची पद्धत तू कधी सुरू केलीस? मला वाटतं मी बारावीत असेन. ज्याचे फोटो बिघडले असतील त्याच्या पाकिटात तू पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद घालायचीस. दोन शब्द, फार तर चार. "तुमचं बोट." "पट्टा आला." "मागचं झाकण आधी उघडलं." शेठना ते मुळीच पसंत नव्हतं. गिऱ्हाइकाला त्याची चूक दाखवली तर तो दुसऱ्या लॅबमध्ये जाईल, असं त्यांचं म्हणणं. तुझं म्हणणं असं की दाखवली नाही तर तो लॅबची चूक धरून बसेल, आणि लॅबच्या नावानं फुकटची बोंब होईल. तुम्हा दोघांचं हे भांडण लॅब बंद होईपर्यंत संपलं नाही.

बेलपाड्याचे काशिनाथदादा आठवतात? आठवत असणारच. त्यांनी भावाच्या हळदीचे फोटो काढले होते आणि निम्म्या फोटोंत डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी भोपळा होता. तुझी चिठ्ठी घेऊन ते काउंटरवर आले, गावची चार माणसं बरोबर. म्हणाले, बोट आमचा नाय, बाय, आमी बघून फोटू काढलाय, बोट असता तर दिसला नसता काय? तू त्यांच्याच हातात कॅमेरा दिलास, डोळ्याला लावायला सांगितलंस आणि मग तुझी तर्जनी भिंगावर ठेवलीस. बोट दिसतंय का, विचारलंस. नाय, म्हणाले. मग डोळ्यावरून कॅमेरा काढून खाली बघा म्हणालीस. आपण बघतो त्या खिडकीतून कॅमेरा बघत नाही, त्याचा डोळा वेगळा, हे त्या दिवशी त्यांना कळलं आणि मलाही. बरोबरची चार माणसं एवढी हसली की दादांनी त्यांना बाहेर काढलं.

उरलेल्या निम्म्या फोटोंत काळोख होता. मांडवात नाचणारी माणसं आणि दादा लांब, पार दाराशी उभे. त्या चिमुकल्या फ्लॅशचा उजेड चार पावलांच्या पुढे जात नाही. हे तू चिठ्ठीवर लिहिलं नाहीस, तोंडीच सांगितलंस. एका पाकिटात दोन चिठ्ठ्या घालू नयेत, माणूस खचतो, असं तू मला नंतर म्हणालीस.

आणि ते आपटा गावचे मास्तर. पहिल्या नातीचं बारसं. हातानं रोल पुढे सरकवायचा साधा कॅमेरा. छत्तीस झाले, अडतीस झाले, चाळीस झाले तरी कॅमेरा चालूच. मास्तर खुशीत. रोल कंपनीनं जास्त भरलाय, म्हणून त्यांनी आलेल्या पाहुण्यांचे एकेकटेही फोटो काढले. रोलचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं, आत सगळा रोल जागच्या जागी बसून होता. त्यांच्यासाठी तू चिठ्ठी लिहिली नाहीस. काउंटरचं झाकण उचलून बाहेर गेलीस, त्यांना बाकावर बसवलंस आणि हळू आवाजात सांगितलंस.  मास्तर म्हणाले, आता परत बारसं कसं करणार?

त्या दिवसापासून तू रोल घ्यायला आलेल्या प्रत्येकाचा कॅमेरा मागून घ्यायचीस आणि रोल स्वतः भरून द्यायचीस. गुंडाळायची कळ फिरते का बघा, ती फिरली तर रोल पुढे जातोय. किती वेळा बोलली असशील हे वाक्य? मी काउंटरच्या आत स्टुलावर अभ्यास करत बसायचे आणि माझ्या इतिहासाच्या वहीत मधूनच कळ फिरायची.

पण तुझी आवडती चूक वेगळीच होती. आपल्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत. कुणी सांगितलं, कशासाठी, विचारायचं नाही. तिघं उभे राहिले की कुणीतरी ओरडतं आणि तिसरा मुकाट्यानं बाजूला होतो. राहतात दोघं. ते नवराबायको असले की वडीलधाऱ्यांसमोर खेटून उभं राहायचं नाही, म्हणून मध्ये हातभर जागा. आता हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा मधोमध बघतो. मधोमध कुणीच नसतं. तो बिचारा दोघांच्या मधून आरपार जातो आणि मागे जे असेल त्याचा फोटो काढतो. तुझ्याकडे अशी जोडपी किती यायची! नवरा धुरकट, बायको धुरकट आणि मध्ये कर्नाळ्याचा सुळका असा की दगड मोजून घ्यावेत. तू पाकिटावर लिहायचीस, "कर्नाळा छान आलाय."

उपाय तूच शिकवलास. एकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा धर, बटण अर्धं दाब, थांब, दाबलेलं ठेवूनच मधे ये, मग पूर्ण दाब. अर्धं, थांब, सरक, पूर्ण. मला पाठ होतं. तरी मी चुकलेच ना?

आमच्या आपट्याच्या घरी, पाताळगंगा नदीच्या बाजूच्या अंगणात, आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. तू मधे उभी होतीस, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. तू चक्क कॅमेऱ्यासमोर होतीस आणि हसत होतीस. कॅमेरा माझ्या हातात. काकी ओट्यावरून म्हणाली, तिघांचा नको गं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू बाजूला झालीस. "मी निघते," म्हणालीस. "ताई आणि भाऊजींचा काढ." तुझी जागा तशीच मोकळी राहिली. आई सरकली नाही, बाबा सरकले नाहीत, आणि मी घाईत बटण एकदम दाबलं.

तू मला सोडलं नाहीस. माझ्याही पाकिटात चिठ्ठी घातलीस, "दोघांच्या मधून गेला." फोटोत आईबाबा धुक्यात आहेत. तू जिथे उभी होतीस तिथून मागच्या कुंपणावरची बोगनवेल दिसते, पानन् पान स्वच्छ. त्या वेळी मला फोकसचं वाईट वाटलं होतं. आता दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. तू निघालीस तेव्हा मी का नाही म्हटलं, मावशी, हलू नकोस? चौथं माणूस ओट्यावरच बसलेलं होतं. काकीला खाली बोलवायला किती वेळ लागला असता?

डिजिटल कॅमेरे आले, मग फोनमध्येच कॅमेरे आले आणि शेठनी यंत्र भंगारात दिलं. तू कुरकुर केली नाहीस. लॅब बंद झाल्यावर गिऱ्हाइकांनी न नेलेली पाकिटं पिशवीत घालून एकेकाच्या घरी पोचती केलीस, पायी, आठवडाभर. फोन मात्र घेतला नाहीस. आम्ही तुझ्यावर फोन रोखला की तू पदर तोंडावर घ्यायचीस किंवा उठून आत जायचीस. आम्हीही हसून सोडून द्यायचो. आणि मग तू आजारी पडलीस, आणि आजारपणातला फोटो काढायला आम्हालाच धीर झाला नाही.

तर सोमवारी मी बेलपाड्याला गेले. लेखाबरोबर बिघडलेला एखादा फोटो छापावा, असं बाईंच्या मनात होतं, आणि बोट म्हटलं की दादांखेरीज कोण? गाव आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढलंय. दादांचं घर सापडायला अर्धा तास लागला. दादा थकलेत, पण आवाज तोच. तू गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. तुजी मावशी जाम कडक व्हती, एवढंच म्हणाले.

बिस्किटाच्या डब्यात त्यांनी सगळ्या निगेटिव्ह जपून ठेवल्यात. बोटाचा फोटो मिळाला. मग मी सहज हळदीच्या रोलची शेवटची पट्टी खिडकीशी धरली. प्लॅस्टिकच्या पाकिटावर शेवटच्या चौकटीखाली तुझी लाल फुली होती. छापू नये, अशी खूण, पार वाया गेलेल्या चौकटीसाठी. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो, तुला काय सांगायचं. चौकटीत एक काळा ठिपका, त्याच्या पुढे पंजासारखं काहीतरी आणि मागे आडव्या ओळी. मी ती पट्टी चार वेळा फिरवून बघितली. त्या ओळी म्हणजे पाकिटांचं रॅक होतं.

मी दादांना विचारलं, हा कुठला फोटो? त्यांनी हातात घेतलासुद्धा नाही. लगेच सांगितलं.

"तीच ती. रोलमदी येक उरला व्हता. म्हनाली, मारून टाका, माजाच मारा, पन मागं व्हा. मी गेलो पुढं."

"पुढे का गेलात?"

"मना वाटला, फोटू मोठा येल."

आणि मग मला सगळं आठवलं. स्टुलावर बसून मी ते रोज ऐकलेलं होतं. दोन उरलेत, मारून टाका. एक उरलाय, मारून टाका, कशाला वाया घालवता? माझाच काढा. मागे सरका, अजून मागे, दारापर्यंत जा, एक मीटरच्या आत हा कॅमेरा आंधळा आहे. उरलेल्या चौकटीवर तू प्रत्येक गिऱ्हाइकाची उजळणी घ्यायचीस. काउंटर दोन हातांचं, मागे गिऱ्हाइकांची दाटी, त्यामुळे बहुतेक सगळे जवळून मारायचे आणि बिघडवायचे. आणि रोल धुतला की तूच त्या चौकटीखाली फुली मारायचीस. गिऱ्हाइकाचे पैसे कशाला घालवायचे? असल्या फोटोचा काय उपयोग?

मावशी, किती वर्षं तू स्वतःवर फुली मारत होतीस?

ती पट्टी मी घेऊन आले. पनवेलमध्ये एकाच स्टुडिओत अजून निगेटिव्हवरून फोटो काढून देतात. तिथल्या माणसानं पट्टी बघितली आणि सांगितलं, मॅडम, यात काही नाहीये, जळलाय, छापून फुकट जाईल. अगदी तुझ्यासारखं बोलला. मी म्हटलं, छापा. तो परत समजावू लागला. मी परत म्हटलं, छापा.

खरंच जळलाय फोटो. फ्लॅश इतका जवळून बसलाय की तुझा चेहरा पांढराफटक आहे. भिवया आहेत, भांग आहे, नाक जवळजवळ नाहीच. फोकस पार मागे, रॅकवरची अक्षरं वाचता येतात. आणि तुझा उजवा हात पुढे आलाय, तळवा दादांकडे, बोटं ताठ. तोंड उघडं आहे. तू बोलतेयस.

मी तो आईपुढे ठेवला आणि काही सांगितलं नाही. ती भिंगाशिवाय आता फारसं वाचू शकत नाही, म्हणून मी भिंग पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही.

"मागे सर म्हणतेय," आई म्हणाली. "कुणाला गं?"

मी सांगितलं, काशिनाथदादांना. मग बोटाची गोष्ट, भोपळ्याची, चार माणसांची. आई हसली. वर्षभरात ती तुझं नाव काढून पहिल्यांदा हसली. मग फोटो उचलून तिनं तो पदरानं पुसला आणि फ्रेमवाल्याकडे आजच जा म्हणाली. मी म्हटलं, आई, चेहरा दिसत नाहीये, लोक विचारतील. ती म्हणाली, विचारू देत, मी सांगेन.

फ्रेमवाल्याकडून येऊन मी सातवी चूक लिहिली. बिघडलेल्या फोटोवर फुली मारू नका. बोट आलं, मधून गेला, जळला, काळा पडला, काहीही असो, निगेटिव्ह ठेवा आणि फुली मारू नका. ही चूक नवशिके करत नाहीत, जाणकार करतात, असं मी लिहिलंय. पनवेलच्या एका लॅबमधली एक अतिशय जाणकार बाई हीच चूक आयुष्यभर करत आली, असंही लिहिलंय. नाव घातलेलं नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे. तू मला कधी सूट दिली नाहीस, मीही देणार नाही.

लेखाखाली दोन ओळी जास्तीच्या मागून घेतल्यात. टपाल नाक्याजवळच्या लॅबची जुनी पाकिटं कुणाकडे असतील, त्यांनी लाल फुलीच्या चौकटी बघाव्यात आणि घेऊन याव्यात. बाईंनी विचारलं, किती लोक येतील, वैजू? मला ठाऊक नाही. दोन येतील, पन्नास येतील. मास्तरांचे पुढचे रोल तूच भरून दिले होतेस, त्यांच्या घरी मी स्वतःच जाणार आहे. आपट्यात अजून त्यांची सून असते. एखादा तरी शहाणा दारापर्यंत मागे सरकला असेलच. तो सापडेपर्यंत मी थांबणार नाही.

पण एवढ्यावर भागत नाही, हे मला काल फ्रेमवाल्याच्या दुकानात उभं असताना कळलं. फुल्या काही फक्त तुझ्या फोटोंवर नाहीत. कुणाची आजी धुरकट आली म्हणून, कुणाचा भाऊ काळोखात गेला म्हणून, तू छापल्या नाहीस अशा चौकटी घराघरांत पडून आहेत. ती माणसं आता कुठे असतील? आणि त्यांच्या घरच्यांना माहीत तरी आहे का, की लाल खुणेखाली कोण आहे?

म्हणून वचन देते. दर शनिवारी दुपारी आईच्या हॉलमध्ये मी निगेटिव्ह बघायची उजेडाची पेटी लावून बसेन. जो पाकीट घेऊन येईल त्याच्याबरोबर एकेक चौकट बघेन, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय छापायचं, हे मी सांगणार नाही. ज्यांची माणसं आहेत ते सांगतील.

तुझी भाची,
वैजू
पनवेल